एका बल्बचे वीस टक्के

गाडीच्या मागच्या दिव्यातला एक बल्ब सध्या माझ्या टेबलावर खडूंच्या डबीत पडून आहे. काचेच्या आत दोन तारा आहेत, एक बारीक, एक जाड. बारीक तार कुणीतरी स्प्रिंग ओढून सोडल्यासारखी ताणून वाकडी झालीय. जाड तार मधोमध तुटलेली आहे आणि तुटलेल्या दोन्ही टोकांना टाचणीच्या डोक्याहून लहान असे गोळे आहेत. त्या दोन गोळ्यांनी माझ्या क्लेममधले वीस टक्के खाल्ले.

झालं असं. संध्याकाळची वेळ, पाऊस रिपरिपत होता. पुढचा सिग्नल हिरव्याचा पिवळा झाला. मी पुरेशी लांब होते, ब्रेक दाबला, गाडी थांबत आली होती आणि मागून धाडकन आवाज आला. मान पुढे-मागे झाली, चष्मा उडून पायाशी पडला. मी खाली उतरले. मागच्या गाडीतले गृहस्थही उतरले आणि पहिलं वाक्य त्यांचंच होतं, "अहो, एकदम ब्रेक काय मारता!" त्यावर मी काय म्हणाले असेन? "सॉरी, सॉरी." माझ्या गाडीची डिकी आत गेलेली, बंपर लोंबतोय आणि सॉरी मीच म्हणतेय. सवय असते एकेकाची.

घरी आल्यावर दिरांनी निकाल देऊन टाकला. "वहिनी, काळजीच करू नका. मागून ठोकणाराच चुकतो. कायदाच आहे तसा."

तसा कायदा नाही, हे मला पुढच्या दोन महिन्यांत कळलं. पण दिरांचं म्हणणं अगदीच हवेतलंही नव्हतं. रस्त्यांच्या नियमांचा १९६८ चा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, व्हिएन्ना करार म्हणतात त्याला, त्यात मागच्या गाडीने पुढच्या गाडीपासून एवढं अंतर ठेवावं असं म्हटलंय की पुढची अचानक मंदावली किंवा थांबली तरी टक्कर होऊ नये. असाच नियम देशोदेशीच्या कायद्यांत आहे. त्यामुळे मागून धडक बसली की पहिला संशय मागच्यावर जातो. पण तो संशयच. मागच्याने काही वेगळं दाखवून दिलं तर तो हलतो. आणि त्याच करारात असंही आहे की सुरक्षिततेसाठी गरज नसताना कुणी एकाएकी ब्रेक दाबू नये. म्हणजे "एकदम ब्रेक काय मारता" हेसुद्धा नुसतं वैतागणं नव्हतं, त्याला नियमाचा आधार होता. माझ्या बाजूने पिवळा दिवा होता. सुरक्षितपणे थांबता येत असेल तर पिवळ्याला थांबायचंच असतं. पिवळा म्हणजे "पळ, निघून जा" हा अर्थ आपण आपल्या सोयीने लावलेला.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे अंतराचा प्रश्न मी कागदावर मांडला. त्या गृहस्थांनी लिहून दिलं होतं की वेग चाळीसच्या आत होता आणि मधे एका गाडीइतकी जागा होती. चाळीस म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. एका गाडीची लांबी चार मीटर धरू. पुढची गाडी काही जागच्या जागी थिजत नाही, ब्रेक लागल्यावर तीही सरकतच असते. म्हणून दोन्ही गाड्यांचे ब्रेक सारखे मानले तर मधलं अंतर निदान मागच्याचं डोकं चालून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच्या वेळेला पुरायला हवं. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये ताशी ४८ किलोमीटरला हे "विचाराचं अंतर" ९ मीटर दिलंय, म्हणजे साधारण पाऊण सेकंदाला थोडं कमी. चाळीसच्या वेगाला ते सात-साडेसात मीटर येतं. चार मीटरमध्ये ते बसत नाही. हायवे कोडचा सल्ला तर दोन सेकंदांचं अंतर ठेवण्याचा आहे आणि ओल्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट. (मुलांना शिकवताना मी त्याच तक्त्यातली एक गंमत वापरते. वेग दुप्पट केला, ४८ चा ९६, की विचाराचं अंतर दुप्पट होतं, ९ चं १८. ब्रेकचं अंतर मात्र १४ वरून थेट ५५ वर जातं. वेगाच्या वर्गाचा नियम फळ्यावर कुणाला पटत नाही, रस्त्यावर पटतो.)

हिशोब माझ्या बाजूने लागला म्हणून मी खूश होते. मग विमा कंपनीचे सर्व्हेअर आले.

अर्धा तास ते गाडीभोवती फिरले. फोटो काढले, बंपरची उंची टेपने मोजली. मग मागच्या दोन्ही दिव्यांची फुटकी आवरणं काढून बल्ब बाहेर घेतले आणि खिशातून भिंग काढलं. मला वाटलं, आता हे काय? त्यांनी मला जवळ बोलावलं. "मॅडम, हा डावा बघा. दोन्ही तारा ताणल्यात." तार पेटलेली असते तेव्हा ती तापून मऊ झालेली असते, त्या क्षणी धक्का बसला की ती ओढली जाते. गार असताना धक्का बसला तर ती ताणली जात नाही, तुटलीच तर कडक काडीसारखी मोडते. म्हणजे दिवा धडकेच्या क्षणी लागलेला होता की नव्हता, हे बल्ब स्वतःच सांगतो. डाव्या बल्बची साधी तार आणि ब्रेकची तार दोन्ही पेटलेल्या होत्या, म्हणजे मी ब्रेक दाबलेला होता आणि दिवा लागला होता. छान.

"आता हा उजवा." बारीक तार, साध्या मागच्या दिव्याची, पाच वॅटची, ती ताणलेली. जाड तार एकवीस वॅटची, ब्रेकची. ती तुटलेली आणि टोकांना वितळलेले गोळे. "ही धडकेत गेलेली नाही. ही आधीच जळून गेली होती."

माझ्या पोटात गोळा आला, कारण मला ते माहीत होतं. आठवड्यापूर्वी शाळेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं होतं, तुमचा एका बाजूचा ब्रेकलाइट लागत नाही. मी "हो, बघते" म्हणाले होते. त्या संध्याकाळी गाडीमागे जाऊन बघितलंही होतं. दोन्ही दिवे लाल दिसत होते. लाल दिसणारच, बारीक तार शाबूत होती! ब्रेक दाबून कुणाला मागे उभं करायला हवं होतं, ते मी केलं नाही. आणि मधला, वरचा तिसरा दिवा? मागच्या काचेला मी ऊन लागू नये म्हणून जाळीचा पडदा लावलाय. तो दिवा त्या पडद्याआड.

म्हणजे मागच्या माणसाला पावसात काय दिसलं असेल? दोन लाल दिवे. त्यातला डावा जरा उजळला. उजवा होता तसाच. पूर्ण विझलेला दिवा निदान काहीतरी बिघडलंय असं सांगतो. हा मात्र "सगळं ठीक चाललंय" असं सांगत राहिला.

सर्व्हेअरना मी सहकाऱ्याचं सांगून टाकलं. दिरांनी नंतर कपाळाला हात लावला.

पंधरा दिवसांनी समोरच्या पक्षाचं पत्र आलं. त्यात मुद्दे होते: विनाकारण अचानक ब्रेक, सदोष ब्रेकलाइट, वाहनचालक परवान्याची मुदत अपघातापूर्वी अकरा दिवस संपलेली, आणि घटनास्थळी दिलगिरी व्यक्त करून चुकीची कबुली. परवान्याचं वाचून मी हादरले. खरंच संपली होती मुदत. माझ्या लक्षातही नव्हतं. मला वाटलं, संपलं सगळं, विनापरवाना बाई, तिला कोण नुकसानभरपाई देणार.

माझी एक शाळेपासूनची मैत्रीण वकिली करते. तिला पत्र पाठवलं तर तिने फोनवर पहिलं काय विचारावं? "परवान्याची मुदत संपल्यामुळे तुझा पाय ब्रेकवर जोरात पडला का?"

नाही.

"मग तो मुद्दा सोड. त्याचा दंड होईल तो होईल. तुझ्या विमा कंपनीशी पॉलिसीच्या अटींवरून वाजलंच तर ते वेगळं. पण टक्कर कुणामुळे झाली, याच्याशी त्याचा काही संबंध नाही."

मग तिने मला सगळी साखळी समजावली, आणि ती मला भूमितीतल्या सिद्धतेसारखी वाटली म्हणून लक्षात राहिली. रस्त्यावर उतरणाऱ्या प्रत्येकावर इतरांची काळजी घेण्याची जबाबदारी असते. ती जबाबदारी मोडली गेली का, हे बघायचं. मोडली गेली असेल तर त्या मोडण्यामुळेच अपघात झाला का, हे बघायचं. आणि खरोखर नुकसान झालं का. यातली एक पायरी निसटली तरी सिद्धता पडते. वाहतुकीचे नियम येतात ते दुसऱ्या पायरीवर. नियम मोडला असेल तर "काळजी घेतली नाही" हे दाखवणं सोपं होतं, काही ठिकाणी तर तेवढ्यावरच ते सिद्ध धरतात. पण तिसरी पायरी नियम स्वतः चढत नाही. ती वेगळी चढावी लागते.

तिने मला न्यूयॉर्कचा १९२० मधला एक निकाल सांगितला. रात्रीची वेळ, एक घोड्याची बग्गी दिव्याशिवाय चाललेली. समोरून मोटार वळणावर रस्त्याची मधली रेषा ओलांडून आली आणि धडकली. बग्गीतला माणूस गेला. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी म्हटलं की कायद्याने दिवा लावायला सांगितलेला असताना सबळ कारणाशिवाय तो न लावणं हाच निष्काळजीपणा, त्याला आणखी पुरावा नको. पण त्याच निकालात हेही आहे की निष्काळजीपणा आणि अपघात यांचा सांधा जुळायला हवा. अंधारात दिवा नाही आणि धडक बसली, तर सांधा सहज जुळतो. माझा बल्ब नेमका तिथे बसतो, हे मैत्रिणीने न मागता सांगितलं.

उलट बाजूचं उदाहरण भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचं, २०२० चं. मोटरसायकलवर तिघं बसलेले, मागून मोटारीने ठोकलं. तिघं बसणं नियमाविरुद्ध, म्हणून उच्च न्यायालयाने दहा टक्के दोष मोटरसायकलच्या बाजूला लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो काढून टाकला. तिघं बसल्यामुळे अपघात झाला, किंवा त्यामुळे त्याची झळ वाढली, असं काही दिसत नसेल तर नुसता नियमभंग पुरत नाही. हे ऐकून मला माझ्या परवान्याचं दडपण उतरल्यासारखं झालं. दोन नियम मी मोडले होते. त्यातला जो मला भयंकर वाटत होता तो बिनकामाचा निघाला, आणि जो मी "हो, बघते" म्हणून सोडून दिला होता तोच महागात पडला.

आणि नियम पाळला म्हणजे सुटलो, असंही नाही बरं का. इंग्लंडमध्ये १९७५ साली एक प्रकरण अपील न्यायालयात गेलं. समोरच्याची सगळी चूक, पण जखमी चालकाने सीटबेल्ट लावला नव्हता. आपण आत अडकू अशी त्याला भीती वाटे. तेव्हा तिथे सीटबेल्ट लावण्याची सक्ती नव्हती, ती पुढच्या सीटसाठी आली १९८३ मध्ये. म्हणजे त्याने एकही नियम मोडला नव्हता. तरी न्यायमूर्ती लॉर्ड डेनिंग यांनी म्हटलं, शहाण्या माणसाने लावला असता. आणि मोजमापच घालून दिलं: बेल्टने इजा पूर्ण टळली असती तर भरपाईतून २५ टक्के कमी, इजा कमी झाली असती तर १५ टक्के कमी, काहीच फरक पडला नसता तर काही कापायचं नाही. ही शेवटची अट मला फार आवडते. पुन्हा तोच सांधा.

हा "शहाणा माणूस" कायद्यात सगळीकडे उभा असतो. नवशिक्यालाही त्याच्याच मापाने मोजतात. १९७१ मध्ये तिथेच एका शिकाऊ चालक बाईंची गाडी तिसऱ्याच धड्याला दिव्याच्या खांबावर गेली आणि शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या गुडघ्याची वाटी मोडली. "मी शिकतेय हो" ही सबब चालली नाही, माप अनुभवी चालकाचंच. पण शिकवणाऱ्याच्या हातातही गाडीचा ताबा होताच, म्हणून निम्मा दोष त्याच्यावर. शिक्षिका म्हणून हा निकाल मी दोनदा वाचला.

मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो जुन्या पद्धतीचा. ही टक्केवारी मुळात नव्हतीच. १८०९ मध्ये इंग्लंडमधल्या डर्बीत एकाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात आडवा बांबू टाकला होता. ऑगस्टमधली संध्याकाळ, घरोघरी मेणबत्त्या लागत होत्या, पण शंभर यार्डांवरचं दिसेल इतका उजेड होता. दुसरा एकजण दारूच्या गुत्त्यातून निघून घोडा भरधाव सोडून आला, बांबूवर आदळला, पडला. कोर्टाने त्याला शून्य दिलं. बांबू टाकणारा चुकला असेल, पण तू स्वतःची काळजी घेतली नाहीस ना? मग काही नाही. स्वतःचा एक टक्का दोष आणि हातात भोपळा. याचा जाच कोर्टांनाही वाटला असावा. १८४२ मध्ये पुढचे पाय बांधून रस्त्यावर सोडलेल्या एका गाढवावरून तीन घोड्यांचा गाडा गेला. गाढवाच्या मालकाची चूक उघड होती, तरी तो जिंकला, कारण गाडावाल्याला वेळीच आवरता आलं असतं. नाहीतर रस्त्यात झोपलेल्या माणसावरून गाडी घातली तरी चालेल असं म्हणावं लागलं असतं. ब्रिटनने १९४५ च्या कायद्याने दोष वाटून घ्यायची पद्धत आणली. पण अमेरिकेत अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनियात तो बांबूवाला नियम अजून जिवंत आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मधला मार्ग आहे, दोष निम्म्याच्या आसपास गेला की काही नाही. कॅलिफोर्नियात १९७५ पासून नव्वद टक्के चुकलात तरी उरलेले दहा मिळतात. धडक तीच, बल्ब तोच. नॉर्थ कॅरोलायनात मला त्या दोन गोळ्यांपायी शून्य मिळालं असतं.

"सॉरी"वरून मैत्रिणीने झापलं, पण घाबरवलं नाही. माफी मागणं म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे, असं इंग्लंड-वेल्सच्या २००६ च्या कायद्यात तर लिहूनच ठेवलंय. इतरत्र तो पुराव्याचा एक तुकडा, बाकीच्या तुकड्यांबरोबर तोलायचा. ही फौजदारी केस नव्हे, इथे तिळमात्र शंका उरता कामा नये असं नसतं, ज्याचं पारडं जरा जड त्याचं खरं. अचानक ब्रेकचा मुद्दाही असाच पिवळ्या दिव्यापाशी विरघळला. नव्या गाड्यांत धडकेआधीच्या शेवटच्या पाच सेकंदांचा वेग आणि ब्रेक नोंदवणारी यंत्रं असतात, युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ती सक्तीची आहेत. आमच्या दोन्ही गाड्या त्याआधीच्या.

उरला बल्ब. आणि इथे माझं गणित माझ्यावरच उलटलं. मागच्याला विचाराला पाऊण सेकंद लागतो, हे मीच मांडलं होतं. पण तो पाऊण सेकंद मोजायचा कधीपासून? त्याला दिसल्यापासून. एकच दिवा उजळला, तोही पावसात, तोही डावीकडचा. तेवढी त्याची वेळ मी खाल्ली होती. तो लांब असता तर ती खाऊनही पुरली असती. दोघांचं खरं होतं.

आधी समोरचा पक्ष साठ-चाळीस म्हणाला, मैत्रीण नव्वद-दहा म्हणाली. शेवटी ऐंशी-वीसवर मिटलं. मी तिला विचारलं, हे आकडे येतात कुठून? त्र्याऐंशी-सतरा का नाही? नेहमी पाचाच्या पाढ्यातलेच कसे? ती हसली. म्हणाली, "तुझा विषय वेगळा, आमचा वेगळा." मला हे उत्तर अजूनही पटलेलं नाही.

परवा नववीच्या वर्गात शेकडेवारीला बल्ब घेऊन गेले. भिंगातून सगळ्यांनी तारा बघितल्या. मागच्या बाकावरचा एकजण, जो एरवी हात वर करत नाही, त्याने विचारलं, "मॅडम, डावा दिवा पण गेलेला असता तर किती टक्के?"

मी म्हटलं, विचारून सांगते. संध्याकाळी मैत्रिणीला फोन केला.

"त्याला म्हणावं," ती म्हणाली, "मागची गाडी किती अंतरावर होती ते आधी सांग."